पेगॅसस पर्सिअसचा कोण? ग्रीक पुराणांतली नाती, मराठी शब्दांत

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात काशाची एक लहानशी मूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात ती सापडली. मूर्ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी आपला व्यापार चालत होता, त्या वाटेने हा देव समुद्र आणि सह्याद्री ओलांडून कोल्हापुरापर्यंत आला.

आता या पोसायडनच्या घरची माणसं पाहा. एक भाऊ आकाशाचा राजा, दुसरा मेलेल्यांचा. बायको समुद्रकन्या. एक मुलगा उडणारा घोडा, दुसरा माणसं खाणारा एकडोळ्या राक्षस. एक नातू तीन डोक्यांचा, आणि त्या नातवाचा कुत्रा नात्याने त्याचा काका लागतो. ग्रीक पुराणं वाचायला घेतलेला माणूस बहुतेक इथेच पुस्तक मिटतो.

गोंधळ होतो त्याचं अर्धं कारण इंग्रजी आहे, असं मला मनापासून वाटतं. आपण या कथा इंग्रजीतून वाचतो आणि तिथे काका, मामा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा हे सगळे 'अंकल' होतात. चुलत, मामे, आते, मावस ही चारही नाती एका 'कझिन'मध्ये कोंबली जातात. ज्या कथांमध्ये कोण कुणाचा कोण यावरच सगळं ठरतं, त्या वाचताना हे शब्द फार तोकडे पडतात. आपल्याकडे मात्र हत्यारं तयार आहेत. आपलीच नाती वापरून हे घराणं उलगडून पाहू.

मूळपुरुष नव्हे, मूळ आई

या वंशावळीचा सर्वांत जुना आणि सलग दस्तऐवज म्हणजे हेसिओड नावाच्या कवीचं 'थिओगोनी', म्हणजे 'देवांची उत्पत्ती'. इ.स.पू. ७०० च्या आसपासचं, सुमारे एक हजार ओळींचं काव्य. हेसिओड मध्य ग्रीसमधल्या बिओशियाचा, शेती करणारा. त्याच्या मते सुरुवातीला खाओस होतं, म्हणजे एक जांभईसारखी उघडी पोकळी. मग गाया, म्हणजे पृथ्वी.

गायाने आधी नवऱ्यावाचूनच तीन गोष्टींना जन्म दिला: आकाश म्हणजे युरेनस, डोंगर, आणि समुद्र म्हणजे पाँटस. या पहिल्या पायरीवरच थोडं थांबायला हवं. पुढचं सगळं गणगोत दोन शाखांत वाढतं. गायाला युरेनसपासून झालेली मुलं ती देवांची शाखा. तिलाच पाँटसपासून झालेली मुलं ती समुद्राची शाखा, आणि बहुतेक राक्षस तिथून येतात. दोन्हींची आई एकच. म्हणून ग्रीक कथांमध्ये देव आणि राक्षस या दोन वेगळ्या जाती नाहीत. ते भाऊबंद आहेत.

युरेनसपासून गायाला बारा टायटन, म्हणजे देवांची आधीची पिढी, झाले, तीन एकडोळे सायक्लोप्स झाले आणि शंभर हातांचे तीन महाकाय झाले. युरेनसला आपल्याच मुलांचा तिटकारा. त्याने त्यांना गायाच्या पोटातच दडपून ठेवलं, बाहेर उजेडात येऊच दिलं नाही. कळांनी हैराण झालेल्या गायाने एक कोयता घडवला आणि मुलांना विचारलं, कोण धजतो? सगळ्यात धाकटा क्रोनस पुढे आला. त्याने दबा धरून बापाचं पुरुषत्वच कापलं. जमिनीवर सांडलेल्या रक्तातून एरिनीज जन्मल्या, म्हणजे रक्ताच्या नात्यात झालेल्या पापाचा पाठलाग करणाऱ्या सूडदेवता. जे समुद्रात पडलं त्याच्याभोवती फेस जमला आणि त्यातून अ‍ॅफ्रोडाइट, प्रेमाची देवता, वर आली. एकाच घावातून सूड आणि प्रेम, दोन्ही. या एरिनीज लक्षात ठेवा, शेवटी त्या परत येणार आहेत.

क्रोनसने बापाची गादी घेतली आणि बापाची भीतीही. आपलाही मुलगा आपल्याला असाच खाली खेचणार, हे त्याला आईवडिलांकडून कळलं होतं. त्याने आपली बहीण रिया हिच्याशी संसार केला आणि मूल झालं की गिळायचं हा क्रम धरला. हेस्टिया, डीमिटर, हेरा, हेडिस, पोसायडन, एकामागून एक पोटात गेले. सहाव्या वेळी रियाने बाळाऐवजी दुपट्यात गुंडाळलेला दगड दिला आणि झ्यूसला क्रीट बेटावर लपवलं. झ्यूस मोठा झाल्यावर क्रोनसला सगळं ओकावं लागलं: पहिल्यांदा तो दगड, मग मुलं, गिळली होती त्याच्या उलट क्रमाने. तो दगड डेल्फीला ठेवलेला होता. दुसऱ्या शतकात पॉसेनिअस नावाच्या प्रवाशाने तो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. लोक त्याला रोज तेल घालत.

या उलट क्रमामुळे एक छान कोडं तयार होतं. झ्यूस थोरला की धाकटा? हेसिओडकडे तो शेंडेफळ आहे, 'इलियड' आणि 'ओडिसी' या महाकाव्यांचा कवी होमर याच्याकडे तो पोसायडनचा थोरला भाऊ. पण पोटातून बाहेर येणं हा दुसरा जन्म मानला, तर गणित उलटं होतं. एका प्राचीन स्तोत्रात हेस्टियाला पहिली जन्मलेली आणि तरी सगळ्यात धाकटी म्हटलं आहे. ती गिळली गेली सर्वांत आधी, बाहेर आली सर्वांत शेवटी.

दहा वर्षांच्या युद्धानंतर टायटन हरले आणि तीन भावांनी चिठ्ठ्या टाकून वाटण्या केल्या. झ्यूसला आकाश, पोसायडनला समुद्र, हेडिसला पाताळ. जमीन आणि देवांचा डोंगर ऑलिंपस सामाईक. इलियडमध्ये झ्यूसचा निरोप घेऊन आलेल्या आयरिस देवतेला पोसायडन हीच वाटणी सुनावतो: त्याचा तिसरा हिस्सा त्याला मिळाला आहे, माझ्या हिश्श्यात त्याने हात घालू नये. ज्याने घरात सातबाऱ्यावरून झालेली भांडणं ऐकली आहेत, त्याला हा प्रसंग कुणी समजावून सांगायला नको.

काकाही तोच, मामाही तोच

देवांमध्ये भाऊबहिणींची लग्नं होतात, तेव्हा नात्यांचे पदर एकमेकांवर चढतात. हेरा झ्यूसची बहीण आणि बायको. झ्यूसला दुसऱ्या बहिणीपासून, डीमिटरपासून, पर्सेफनी झाली. तिला हेडिसने पळवलं. हेडिस पर्सेफनीच्या वडिलांचा भाऊ, म्हणून काका. आईचा भाऊ, म्हणून मामा. आणि आता नवरा.

डीमिटरच्या स्तोत्रात सूर्यदेव हेलिऑस त्या शोकाकुल आईची समजूत घालतो. हेडिस जावई म्हणून काही वाईट नाही, तुझ्याच रक्ताचा सख्खा भाऊ आहे, असं तो म्हणतो. आज हे वाचून अंगावर काटा येतो. पण ज्यांनी हे रचलं त्यांच्या जगात काका-पुतणीचं लग्न वावगं नव्हतं. अथेन्सच्या कायद्यात, ज्या मुलीला भाऊ नाही तिच्या लग्नावर वडिलांच्या जवळच्या पुरुष नातेवाइकाचा हक्क असे आणि तो पुष्कळदा काकाच असायचा, कारण घरची मालमत्ता घरात राहायला हवी. एकाच बापाच्या पण वेगळ्या आयांच्या भावंडांनाही तिथे लग्न करता येई. एकाच आईच्या भावंडांना नाही. सख्ख्या भाऊबहिणींचं लग्न मात्र माणसांना निषिद्धच होतं. ती मोकळीक फक्त देवांना.

टायटनांच्या पिढीकडे पाहिलं की झ्यूसचे चुलतभाऊ दिसायला लागतात. माणसांना आग देणारा प्रोमिथिअस हा क्रोनसच्या भावाचा, आयापेटसचा, मुलगा. म्हणजे झ्यूसने ज्याला कड्याला जखडून गरुडाकडून त्याचं काळीज तोडवलं, तो त्याचा चुलतभाऊ. आकाश खांद्यावर पेलणारा अ‍ॅटलस प्रोमिथिअसचा सख्खा भाऊ. त्याची मुलगी माया, तिला झ्यूसपासून झालेला हर्मीस. देवांचा निरोप्या पायांना पंख लावून फिरतो आणि त्याचा आजोळचा आजोबा जगाच्या टोकाशी ओझ्याखाली वाकून उभा. सूर्य हेलिऑस हाही झ्यूसचा चुलतभाऊ. जादूटोण्याची देवता हेकाटी आणि अपोलो-आर्टेमिस ही जुळी एकमेकांची मावसभावंडं, कारण त्यांच्या आया अ‍ॅस्टेरिया आणि लेटो या सख्ख्या बहिणी.

समुद्राकडची शाखा

आता पाँटसकडे येऊ. मला या घराण्यातला सर्वांत आवडता भाग हाच.

गाया आणि पाँटस यांची मुलं: नीरिअस, थॉमस, फॉर्किस आणि दोन मुली, त्यातली एक कीटो. नीरिअस म्हणजे समुद्राचा म्हातारा, सत्यवचनी आणि सौम्य. त्याच्या पन्नास मुली म्हणजे समुद्रकन्या नीरिड. पोसायडनची बायको अ‍ॅम्फिट्रायटी त्यांतलीच, आणि अकिलिसची आई थेटिसही. थॉमसच्या मुली म्हणजे इंद्रधनुष्याची देवता आयरिस आणि झडप घालून अन्न पळवणाऱ्या हार्पी. फॉर्किस आणि कीटो या भाऊबहिणीच्या पोटी मात्र भयंकर संतती आली: जन्मतःच पांढऱ्या केसांच्या ग्राया, केसांच्या जागी साप असलेल्या तीन गॉर्गन, आणि सोनेरी सफरचंदांची राखण करणारा महासर्प.

त्या तीन गॉर्गनमधली एक मेडुसा. नीरिअस आणि फॉर्किस सख्खे भाऊ, म्हणजे थेटिस आणि मेडुसा सख्ख्या चुलतबहिणी. ट्रॉयच्या युद्धातला सर्वांत देखणा वीर अकिलिस. मेडुसा त्याची मावशी लागते. इंद्रधनुष्य आणि मेडुसा याही चुलतबहिणीच.

मेडुसाबद्दल एक खुलासा करायला हवा. झ्यूसची मुलगी अ‍ॅथिना देवी हिच्या देवळात पोसायडनने तिच्यावर बळजबरी केली आणि शिक्षा म्हणून अ‍ॅथिनाने मेडुसाचेच केस साप केले, ही गोष्ट आता सगळीकडे सांगितली जाते. ती रोमन कवी ओव्हिडची आहे, हेसिओडनंतर सुमारे सातशे वर्षांनी लिहिलेली. हेसिओडकडे मेडुसा गॉर्गन म्हणूनच जन्मते. तीन बहिणींत ती एकटीच मर्त्य, आणि पोसायडन तिला फुलांनी भरलेल्या कुरणात भेटतो. दोन्ही गोष्टी प्राचीनच आहेत, पण एक दुसरीची प्रस्तावना नाही.

पर्सिअस या वीराने मेडुसाचं डोकं उडवलं तेव्हा ती गरोदर होती. तिच्या मानेतून दोन मुलं बाहेर पडली: पंखांचा घोडा पेगॅसस आणि सोन्याची तलवार धरलेला ख्रिसेऑर. बाप पोसायडन. आणि पर्सिअस कुणाचा? झ्यूसचा. झ्यूस-पोसायडन सख्खे भाऊ. म्हणून पेगॅसस हा पर्सिअसचा चुलतभाऊ. गॉर्गन मारायला निघालेल्या वीराने नकळत आपल्या चुलतभावांचं बाळंतपण केलं, तेही त्यांच्या आईचा जीव घेऊन.

इथून पुढचा धागा कागदावर काढून बघावा इतका गुंतलेला आहे. मेडुसाची एक बहीण एकिडना, अर्धी सुंदर स्त्री आणि अर्धी सापीण. (हेसिओडच्या ओळी इथे संदिग्ध आहेत, तिची आई नेमकी कोण यावर वाद आहे; मी तिला कीटोची मुलगी धरतो आहे, कारण तोच वाचनाचा सरळ मार्ग वाटतो.) एकिडनाचा नवरा टायफॉन, गाया आणि टार्टारस (पाताळाचा तळ) यांचा मुलगा, ज्याने झ्यूसलाच आव्हान दिलं. या जोडप्याची मुलं म्हणजे राक्षसांची यादीच: दोन डोक्यांचा कुत्रा ऑर्थ्रस, पाताळाच्या दारावरचा सर्बेरस, अनेक डोक्यांची हायड्रा, आणि सिंह-बोकड-साप अशी मिळून झालेली, आग ओकणारी कायमेरा. थीब्झच्या वेशीवर कोडी घालणारी स्फिंक्स आणि नेमियाचा सिंह हेही याच वंशातले.

पुढे बेलेरोफॉन नावाचा वीर पेगॅससवर स्वार होऊन कायमेराला मारतो. ही गोष्ट आपण वीराची म्हणून ऐकतो. घोड्याच्या बाजूने पाहा. कायमेरा एकिडनाची मुलगी, पेगॅसस मेडुसाचा; आया बहिणी. पेगॅसस ज्या राक्षसिणीवर झेप घेतो ती त्याची मावसबहीण. आणि काही कथांनुसार बेलेरोफॉन हाही पोसायडनचाच मुलगा, म्हणजे पाठीवर बसलेला वीर त्या घोड्याचा सावत्र भाऊ.

कोल्हापूरच्या पोसायडनचा तो एकडोळ्या मुलगा, ओडिसिअसने ज्याचा डोळा फोडला तो पॉलिफेमस, याच गुंत्यात बसतो. ओडिसीमध्ये त्याची आई थूसा, फॉर्किसची मुलगी. होमर आणि हेसिओड यांना जोडून पाहिलं तर थूसा मेडुसाची बहीण, आणि पॉलिफेमस पेगॅससचा एका बाजूने सावत्र भाऊ, दुसऱ्या बाजूने मावसभाऊ.

आणि तो कुत्रा? ख्रिसेऑरचा मुलगा गेरिऑन, तीन डोक्यांचा. त्याच्या तांबड्या गुरांची राखण ऑर्थ्रस करायचा. ऑर्थ्रस एकिडनाचा, ख्रिसेऑर मेडुसाचा, म्हणजे ते दोघे मावसभाऊ. बापाचा मावसभाऊ तो काकाच. गेरिऑनच्या गोठ्याबाहेर त्याचा काका बसलेला असायचा.

हेराक्लिस: बाप तोच खापरपणजोबा

हर्क्युलिस हे रोमन नाव. ग्रीक नाव हेराक्लिस, 'हेराची कीर्ती'. जिने त्याला जन्मभर छळलं तिचंच नाव त्याच्या नावात आहे.

त्याची आई अ‍ॅल्कमीनी. तिचे वडील इलेक्ट्रिऑन, त्यांचे वडील पर्सिअस, पर्सिअसचा बाप झ्यूस. म्हणजे झ्यूस अ‍ॅल्कमीनीचा पणजोबा. त्याने आपल्याच पणतीला तिच्या नवऱ्याचं रूप घेऊन फसवलं आणि हेराक्लिस झाला. त्यामुळे झ्यूस हेराक्लिसचा बाप आणि आईकडून खापरपणजोबा. पर्सिअस त्याचा पणजोबा आणि सावत्र भाऊ.

हेराक्लिस जन्माला येणार त्या दिवशी झ्यूसने देवांसमोर बढाई मारली: आज माझ्या वंशात जन्मणारा मुलगा आजूबाजूच्या सगळ्यांवर राज्य करेल. हेराने त्याच्याकडून तशी शपथच घेववली, अ‍ॅल्कमीनीच्या कळा अडवून धरल्या आणि पर्सिअसच्या दुसऱ्या मुलाच्या, स्थेनेलसच्या, बायकोला सातव्या महिन्यात बाळंत केलं. तो युरिस्थिअस. पर्सिअसचा नातू म्हणून शपथेतलं राज्य त्याला मिळालं. हेराक्लिस पुढे ज्याची बारा कामं करत राबला, तो भित्रा राजा त्याच्या आईचा चुलतभाऊ, म्हणजे मामा. अ‍ॅल्कमीनीचा नवरा अ‍ॅम्फिट्रिऑन हाही पर्सिअसचाच नातू, त्यामुळे मानलेल्या बापाकडून युरिस्थिअस काकाही. आमच्या लहानपणी 'बारा कामगिऱ्या' म्हणून साहसकथा वाचली, पण ती मुळात गादीच्या हक्काची, थोड्या तासांनी हुकलेल्या ज्येष्ठपणाची गोष्ट आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्या कामांची यादी या वंशावळीशेजारी ठेवा. नेमियाचा सिंह, हायड्रा, गेरिऑन आणि त्याचा कुत्रा, सफरचंदांची बाग, सर्बेरस. सगळे त्याच एका समुद्री घराण्याचे. गेरिऑन तर पोसायडनचा नातू, म्हणजे हेराक्लिसचा चुलत पुतण्या. वाटेत त्याने प्रोमिथिअसला कुरतडणारा गरुड मारला; नंतरच्या एका संग्रहात तोही एकिडनाचाच मुलगा आहे. एक माणूस फिरून एका कुळाचा निर्वंश करतो आहे. हेसिओड आणखी एक गोष्ट सांगून जातो: हायड्रेला आणि त्या सिंहाला हेरानेच वाढवलं होतं, हेराक्लिसवरच्या रागापोटी.

हायड्रेने आपला हिशेब मेल्यावर चुकता केला. हेराक्लिसने तिच्या विषात बाण बुडवले, त्या बाणाने नेसस नावाचा अश्वमानव मारला, आणि नेससचं विषारी रक्त लावलेला झगा अखेर हेराक्लिसच्याच अंगावर आला. चितेवर जळून तो देव झाला. ऑलिंपसवर त्याचं लग्न झालं हीबीशी, झ्यूस आणि हेराच्या मुलीशी. बायको सावत्र बहीण, आणि सासू हेरा.

सूर्याच्या लेकी

हेलिऑसच्या तीन मुलांवर तीन प्रसिद्ध कथा उभ्या आहेत, आणि त्या एका घरातल्या आहेत हे सहज निसटतं. मुलगा ईटीज, कोल्किसचा राजा. एक मुलगी सर्सी, माणसांची डुकरं करणारी. दुसरी पासिफाई, क्रीटच्या मिनॉस राजाची राणी. ईटीजची मुलगी मेडिया. पासिफाईला मिनॉसपासून अ‍ॅरिअ‍ॅड्नी आणि फीड्रा झाल्या, आणि पोसायडनने पाठवलेल्या बैलापासून मिनोटॉर, बैलाच्या डोक्याचा राक्षस.

म्हणजे सर्सी मेडियाची आत्या. मिनोटॉर मेडियाचा आतेभाऊ. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या अपोलोनिअसच्या काव्यात, भावाच्या खुनाचं पाप धुऊन घ्यायला मेडिया सर्सीच्या बेटावर येते. दोघी कधी भेटलेल्या नाहीत. मेडिया नजर वर उचलते आणि आत्या तिला ओळखते, कारण सूर्यवंशीयांच्या डोळ्यांतून सोन्यासारखी चमक लांबवर फेकली जाते. मग दोघी कोल्किसच्या भाषेत बोलतात. सर्सीला भाचीची दया येते, तरी ती तिला घरात थारा देत नाही. माझ्या मते सगळ्या ग्रीक काव्यात दोन नातेवाइकांची याहून हळवी भेट फार कमी आहे.

अथेन्सचा वीर थिसिअस याच्या बाजूने हेच घर पाहिलं तर तो तिथून बाहेरच पडत नाही. अथेन्सला त्याचे वडील ईजिअस यांनी मेडियाशी लग्न केलं होतं. त्या सावत्र आईने त्याला विष द्यायचा प्रयत्न केला. तो क्रीटला जाऊन मिनोटॉरला मारतो, म्हणजे सावत्र आईच्या आतेभावाला, आणि मदत करते तिची आतेबहीण अ‍ॅरिअ‍ॅड्नी. तिला तो नॅक्सॉस बेटावर सोडून देतो आणि पुढे लग्न करतो तिच्या धाकट्या बहिणीशी, फीड्राशी.

एकच खरी वंशावळ का नाही

ग्रीकांकडे एक धर्मग्रंथ नव्हता. गावोगावी कवी, देवळं आणि राजघराणी आपापली परंपरा सांगत. अ‍ॅफ्रोडाइट हेसिओडकडे फेसातून येते, होमरकडे ती झ्यूस आणि डायोनीची मुलगी. लोहारदेव हेफेस्टस हेराने एकटीने जन्माला घातला, अ‍ॅथिना झ्यूसच्या डोक्यातून निघाली त्या रागात, असं हेसिओड म्हणतो. पण अ‍ॅथिनाच्या जन्माची चित्रं असलेल्या भांड्यांवर झ्यूसच्या डोक्यावर कुऱ्हाड घालायला हेफेस्टसच उभा असतो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही, आणि कुणाला त्याची अडचण वाटली नाही.

वंशावळीला राजकीय किंमत होती. स्पार्टाचे राजे स्वतःला हेराक्लिसचे वंशज म्हणवत. मॅसिडोनियाच्या पहिल्या अलेक्झांडरला ऑलिंपिया इथल्या स्पर्धेत उतरायचं होतं, तेव्हा तो ग्रीक नाही असा आक्षेप आला. आपलं घराणं आर्गोसचं, हेराक्लिसच्या वंशातलं, असं त्याने सिद्ध केल्याचं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. त्याचाच वंशज, सिकंदर, आईकडून अकिलिसचा वारसाही सांगायचा.

जन्माला येऊ न दिलेला मुलगा

युरेनसने मुलं आईच्या पोटात दडपली. क्रोनसने ती स्वतःच्या पोटात घेतली. झ्यूसलाही तेच भाकीत होतं: पहिली बायको मेटिस हिला आधी मुलगी होईल, मग असा मुलगा जो बापाची जागा घेईल. मेटिस म्हणजे शहाणपण. झ्यूसने मुलांच्या मागे न लागता आईलाच गिळलं. मुलगी, अ‍ॅथिना, त्याच्या डोक्यातून चिलखतासह बाहेर आली. मुलगा कधी जन्मलाच नाही, आणि म्हणून झ्यूसची गादी टिकली.

पुढे थेटिसबद्दलही तसंच भाकीत निघालं: तिचा मुलगा बापाहून वरचढ होईल. झ्यूस आणि पोसायडन दोघेही तिच्या मागे होते, दोघेही गपकन मागे सरले. तिचं लग्न पेलिअस नावाच्या माणसाशी लावून दिलं. त्या लग्नात कलहदेवतेने सोन्याचं सफरचंद फेकलं, त्यावरून ट्रॉयचं युद्ध पेटलं. अकिलिस बापाहून मोठा झाला, पण बाप माणूस होता, म्हणून तो मेला. आकाशाची गादी ज्याच्या हाती जाऊ शकली असती तो मुलगा ट्रॉयच्या मैदानात संपला.

त्याच युद्धावर निघताना ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन याने आपली मुलगी इफिजिनिया बळी दिली. परत आल्यावर बायको क्लायटेम्नेस्ट्रा हिने त्याचा खून केला, त्याच्याच चुलतभावाच्या, ईजिस्थसच्या, साथीने. मुलगा ओरेस्टिस याने आईला मारलं. आणि इथे एरिनीज परत येतात. अथेन्सचा नाटककार एस्किलस याच्या इ.स.पू. ४५८ मधल्या नाट्यत्रयीत त्या ओरेस्टिसच्या मागे अथेन्सपर्यंत धावतात. (एस्किलस त्यांना युरेनसच्या रक्ताच्या नव्हे, रात्रीच्या मुली म्हणतो.) खटला उभा राहतो. नवऱ्याला मारणाऱ्या क्लायटेम्नेस्ट्राच्या मागे तुम्ही का लागला नाहीत, असं विचारल्यावर त्या उत्तर देतात: ज्याला तिने मारलं तो तिच्या रक्ताचा नव्हता. नवरा-बायकोचं नातं करारातलं, आई-मुलाचं रक्तातलं. त्यांचा कायदा रक्ताचाच.

अपोलो उलट बाजू मांडतो: आई ही बीज सांभाळणारी, जन्मदाता तो बापच. पुरावा म्हणून तो न्यायासनावरच्या अ‍ॅथिनाकडे बोट दाखवतो. आईवाचून जन्म होऊ शकतो, ही बघा. मतं समसमान पडतात आणि अ‍ॅथिनाच्या मताने ओरेस्टिस सुटतो. मला जन्म देणारी आई कुणी नाही, हे ती त्या मताचं कारण म्हणून सांगते.

मेटिस त्या वेळीही झ्यूसच्या पोटातच होती. हेसिओडच्या म्हणण्याप्रमाणे, बरं काय आणि वाईट काय ते ती त्याला तिथून सांगत असते.